बाहीच्या आकाराची गाणी

क्रिकेटच्या बॅटच्या कव्हरातून ताडपत्रं घेऊन आलेले एक गृहस्थ मला अजून आठवतात. पोथी लांबुळकी, कव्हरात अगदी चपखल बसली होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली, पण हात काही वरून काढेनात. म्हणाले, "फोटो काढल्यावर ह्यातला गुण कमी होतो का?" पोथी मंत्रांची होती. मी तेव्हा नवीन होते, मला हसू आलं. आमचे छायाचित्रकार महादेवस्वामी मात्र गंभीरपणे म्हणाले, "देवाचा फोटो काढला तर देव कमी होतो का, सर?" गृहस्थ तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "म्हणूनच आमच्या देवळात काढू देत नाहीत." शेवटी फोटो काढले, पण ते पूर्ण वेळ पोथीला हात लावून बसले. त्या पोथीच्या प्रत्येक चित्रात एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा आहे. आम्ही तो तसाच ठेवला.

म्हैसूरच्या एका हस्तलिखित केंद्रात मी नोकरी केली. नवऱ्याच्या बदलीमुळे साताऱ्याहून इथे आलो तेव्हा माझ्याजवळ ग्रंथालयशास्त्राची पदवी होती आणि कन्नडचे दोन शब्द होते, 'बेकु' आणि 'बेड'. हवं आणि नको. तेवढ्यावर भाजी आणता येत होती. गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा दुकानांच्या पाट्या न अडखळता वाचण्याइतकी माझी मजल गेली होती. ह्या कबुलीला पुढे महत्त्व आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

आमचं काम काय, असं लोक विचारतात. 'जुनी पुस्तकं कॉम्प्युटरमध्ये घालतो' असं मी सांगत असे, म्हणजे पुढचे प्रश्न टळत. पण खरं काम दोन भागांचं आहे. ताडपत्र आलं की आधी मऊ ब्रशने धूळ झाडायची, गवती चहाचं तेल लावायचं, मग काजळी चोळून पुसून घ्यायची, की कोरलेल्या अक्षरांत काळं भरतं आणि मजकूर वर येतो. मग वर टांगलेल्या कॅमेऱ्याखाली ठेवून चित्र घ्यायचं. हा महादेवस्वामींचा भाग. दुसरा भाग माझा. त्या चित्राला नाव द्यायचं. हे काय आहे, कोणत्या भाषेत, कोणत्या लिपीत, कोणी केलं, कोणाकडून आलं. दिसायला कारकुनी काम, पण चित्र कितीही स्वच्छ असलं तरी नोंद चुकली की ती वस्तू हरवल्यातच जमा. शोधणारा एका नावाने शोधतो, आणि ती दुसऱ्याच नावाखाली पडलेली असते. ताडपत्र वाळवी खाते हे सगळ्यांना दिसतं. चुकीच्या नोंदीने खाल्लेलं कोणाला दिसत नाही.

असं एक मी स्वतःच्या हाताने घालवत होते. ते कसं वाचलं, ते सांगायला बसले आहे.

निवृत्तीला अजून काही वर्षं होती. ब्लाउज शिवायचे होते. माझी नेहमीची शिवणारी बाई मुलीकडे बेंगळुरूला गेली होती. शेजारणीने मंडी मोहल्ल्यातलं एक दुकान सांगितलं, "म्हातारी आहे, पण बाही कधी चुकत नाही." मी शनिवारी दुपारी गेले. गल्ली अरुंद, दुकान त्याहून अरुंद. आत पायमशीन, त्यावर वाकलेली सत्तरीची एक बाई. मी कन्नड जुळवत उंबऱ्यात उभी होते, तेवढ्यात ती सुई शोधत स्वतःशीच वैतागून बोलली, "ही सूजी कुटं गेली गे? आत्ता हितं ठेवली व्हती."

मी कन्नड विसरले. "तुम्ही मराठी?"

तिने चष्म्यावरून पाहिलं. "आमी मराठीच की. तुमी?"

"मी साताऱ्याची."

"ते कुटं आलं?" असं म्हणून तिने स्टूल पुढे सरकवलं. "बसा. नितून का बोलताय?"

'नितून' म्हणजे उभं राहून, हे मला मागाहून कळलं. शब्द कन्नड, त्याला शेपूट मराठी. तिचं सगळं बोलणं तसं होतं. तिचं नाव तुळसाबाई, गल्लीची तुळसक्का. किती पिढ्यांपूर्वी तिचे लोक इथे आले ते तिला माहीत नव्हतं. घरात विठ्ठल, हातात कात्री आणि तोंडात ही भाषा, एवढं त्यांनी बरोबर आणलं होतं आणि राखलं होतं. नवरा, पांडुरंगप्पा, तीन वर्षांपूर्वी गेला. मुलगा कारखान्यात होता. दुकान ती एकटी चालवत होती.

मी कुठे काम करते ते सांगितलं. तिने मशीन थांबवलं.

"जुनी पुस्तकं घेतात तेच का ते? आमचे हे एकदा गेले व्हते तिथं. सासूच्या गाण्याच्या वह्या घेऊन. चार व्हत्या. तिथल्या बाईनं परत दिल्या."

मी विचारलं, का परत दिल्या?

"गोत्तिल्ला. मला काय माहीत? चिठी दिलीवती. इंग्लिशात हाय." तिने देवाच्या फोटोमागून एक वही काढली. वहीत घडी घातलेला कागद होता. "वाचा की. इतकी वर्सं कोनी वाचून दावली नाही."

आमच्या केंद्राचा छापील कागद. खाली तीन ओळी: भाषा कन्नड. अर्थ लागत नाही. चित्रणास अयोग्य. त्याखाली माझी आद्याक्षरं.

मला तो माणूस आठवला, पण अगदी पुसट. उंच, कानामागे खडू, हातात कोटाच्या अस्तराच्या कापडात बांधलेलं गाठोडं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. तो माझ्याशी कन्नडात बोलला, कारण मी सरकारी दिसणाऱ्या टेबलामागे होते. मी मोडक्या कन्नडात आणि इंग्रजीत उत्तरं दिली, कारण तो म्हैसूरचा शिंपी होता. दोन मराठी माणसं पाऊण तास एकमेकांशी अडखळत राहिली आणि एकालाही पत्ता नाही. वह्यांत कन्नड अक्षरं होती. आमच्याकडे येणाऱ्या पंडितांना दाखवल्या. त्यांनी दोन पानं मनात वाचली आणि म्हणाले, "हे कन्नड नाही. कशाचा कशाला मेळ नाही." केंद्रात ताडपत्रांची रांग लागलेली होती. अक्षरं कन्नड म्हणून भाषाही कन्नड धरली आणि मी तीन ओळी लिहिल्या. मोठ्याने वाचून दाखवा, एवढं जरी त्यांना म्हटलं असतं तर! एका ओळीत मला कळलं असतं.

"काय लिवलंय?" तुळसक्काने विचारलं.

मी म्हणाले, "परत दिल्याची पोच आहे."

खोटं बोलले, आणि लगेच ब्लाउजचं माप द्यायला उभी राहिले.

ती वही मात्र मागून घेतली. मला लिपी जमत नव्हती म्हणून सोमवारी महादेवस्वामींपुढे ठेवली. ते नंजनगूडकडचे, मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही. म्हटलं, अर्थाकडे पाहू नका, अक्षर अक्षर वाचा. त्यांनी घसा साफ केला आणि बातम्या वाचाव्या तसं वाचलं:

"साहेबाच्या कोटाला बारा गुंडी, एक काज राहिलं, बाई, उपाशी तोंडी."

मी डोळे मिटून ऐकत होते. बटण लावायचं राहिलेलं काज, ते तोंड उघडं टाकून उपाशी बसलेलं. मला हसू आलं आणि रडूही. महादेवस्वामी घाबरले. "काय झालं, मॅडम? मी काही वाईट वाचलं का?" त्यांना वाचता येत होतं, कळत नव्हतं. मला कळत होतं, वाचता येत नव्हतं. त्या दिवशी जेवणाची सुट्टी विसरून आम्ही दोघांनी मिळून ती वही वाचली. बायकांनी काजं करताना म्हणायची गाणी होती. तुळसक्काची सासू राजवाड्याच्या आणि गोऱ्या साहेबांच्या बँडवाल्यांच्या कोटांना घरी बसून काजं करायची. गाणी तिनेच जुळवलेली. शाळेत दोन वर्षं कन्नड अक्षरं शिकली होती. मराठी अक्षरं शिकवायला इथे कोण होतं? म्हणून जी अक्षरं हाती होती त्यांत आपली भाषा लिहिली.

त्या संध्याकाळी मी पुन्हा दुकानात गेले. ब्लाउज तयार नव्हता, मीही त्यासाठी गेले नव्हते.

"तुळसक्का, त्या चिठ्ठीत पोच नाही. ह्याचा अर्थ लागत नाही, असं लिहिलंय. आणि ते मी लिहिलंय. वह्या परत देणारी बाई मीच."

ती एका बाहीला टीप घालत होती. थांबली नाही. टीप टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, बाही उलटून पाहिली.

"लई आशेनं नेल्या व्हत्या त्यांनी," ती म्हणाली. "इस्त्रीचा सदरा घालून गेलेवते."

मी ती चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली.

"परत आले ते सुम्ने, गप बसले. मग म्हनाले, शिकलेली मानसं परत देतात तर कायतरी असंल. त्यांना नको ते कागद ठेवून काय करूचं?" ती उठली आणि भिंतीकडे गेली. तिथे खिळ्याला कागदाचे तुकडे दोऱ्यात ओवून टांगलेले होते. शिंपी कापड बेतण्यासाठी कागदाचे नमुने कापून ठेवतो, तसे. "कागद जाड व्हता, चांगला. तीन वह्या कापल्या त्यांनी. चौथी मी लपवली."

तिने तो झुबका माझ्या मांडीवर ठेवला. बाह्या, कॉलरी, कफ, लहान मुलाच्या झबल्याची पाठ. प्रत्येकावर बारीक, गोल, निळ्या शाईतली अक्षरं. बाहीच्या वळणापाशी ओळ तुटलेली. कॉलरवर सुरुवातही नाही, शेवटही नाही, मधले चारच शब्द.

मी ते हातात धरून बसले. तुळसक्का म्हणाली, "कापी पिता का? प्या. आता हे नीट करा म्हंजे झालं."

तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने मला काम दिलं. त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे.

पुढचे चार महिने आम्ही ते केलं. महादेवस्वामींनी एकेक नमुना काचेखाली सपाट करून दोन्ही बाजूंनी टिपला. मग पडद्यावर तुकडे सरकवत, शाईचा रंग आणि कागदावरच्या रेघा जुळवत, कोणती बाही कोणत्या पानातून कापली ते शोधत बसलो. त्यांनी कापड बेतणाऱ्याच्या डोक्याने विचार केला. म्हणाले, "मॅडम, काटकसरी शिंपी एका पानात दोन कफ आणि एक कॉलर बसवणारच." आणि तसंच निघायचं. पण कात्रीच्या फटीतून खाली पडलेलं परत कसं आणायचं? त्यासाठी तुळसक्काला केंद्रात बोलावलं. पहिल्या दिवशी ती जरीकाठाची साडी नेसून आली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी शिवायला सुई-दोरा मागितला. हात रिकामे असले की गाणं येत नाही म्हणाली. महादेवस्वामी तुटलेली ओळ वाचायचे, ती टाके घालता घालता पुढची म्हणायची. सगळी आठवत नसत. काही ठिकाणी ती थांबायची, मान हलवायची, "गेलं," म्हणायची. तिथे आम्ही जागा कोरी ठेवली. तिथे काहीतरी बरं दिसणारं भरून टाकावं असा मोह मला झाला होता, खोटं कशाला बोलू.

एक गाणं तिने म्हटलं आणि लगेच म्हणाली, "हे जगाला दावू नका." गल्लीतल्या एका बाईला नवऱ्याने मारल्याचं होतं, नावानिशी. त्या नवऱ्याची नातवंडं शहरात आहेत. आमच्या यंत्रणेत एखादी वस्तू जपून ठेवायची पण उघड करायची नाही अशी सोय होती. इतक्या वर्षांत ती कोणी वापरली नव्हती, कारण कोणाला कधी विचारलंच नव्हतं. मी ते गाणं कुलपात ठेवलं. ते कधी उघडायचं हे तुळसक्काच्या घरचे ठरवतील.

नोंद करायला बसले तेव्हा वेगळंच आडवं आलं. नोंदपत्रकात भाषा यादीतून निवडायची असते. 'कन्नड' निवडलं की लिपी आपोआप कन्नड. 'मराठी' निवडलं की पुढे दोनच पर्याय, देवनागरी आणि मोडी. मराठी भाषा, कन्नड लिपी, असं यंत्र घेईचना. लाल अक्षरात चूक दाखवायचं. ते पत्रक आम्हाला यंत्रांसाठी मदत देणाऱ्या परदेशातल्या ग्रंथालयाने पाठवलेलं होतं. त्यांनी ते कुठल्या तरी साहेबाच्या काळच्या जुन्या सूचीवरून बेतलं होतं, ज्यात प्रत्येक भाषेला एक घर आणि प्रत्येक घराला एक कुंपण होतं. मी पत्र लिहिलं. अतिशय नम्र उत्तर आलं: जवळचा पर्याय निवडावा.

आमचे संचालक भले गृहस्थ, पण थकलेले. "कन्नड लिहा आणि मोकळ्या व्हा. शेरा टाका खाली."

"सर, मी एकदा कन्नड लिहून मोकळी झाले आहे," मी म्हटलं आणि त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तिकडच्या लोकांशी व्हिडिओवर बैठक लावतो. तुम्हीच बोला."

बोलायची वेळ आली तेव्हा माझं इंग्रजी आटलं. महादेवस्वामींनी मला कोपराने बाजूला केलं, पान कॅमेऱ्यापुढे धरलं आणि अक्षर न् अक्षर वाचलं. मग स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "मी कन्नड माणूस आहे. मला ह्यातलं काही समजलेलं नाही." मग तेच तुळसक्काने गाऊन दाखवलं, आणि मी ओळीमागून ओळ अर्थ सांगितला. पलीकडे एक तरुण बाई होती. काजाच्या उपाशी तोंडाशी ती मोठ्याने हसली. "आणखी किती जण असं लिहितात?" तिने विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, कारण तुमच्या पत्रकात त्यांना मोजायची सोय नाही. आठवडाभरात भाषेचं आणि लिपीचं कुंपण काढून टाकलं गेलं. दोन्ही रकाने सुटे झाले. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत असली एकवीस बाडं आमच्याकडे आली. काही मराठीची होती, काही आणखी कुठल्या कुठल्या घरांतली.

राहिला एक रकाना. रचनाकार. मी 'अज्ञात' असं लिहून तुळसक्काला पडद्यावर दाखवलं, वाचून दाखवलं.

"अज्ञात म्हंजे?"

"माहीत नाही असा."

ती चिडली. "माहीत नाही कशी? आमची सासू व्हती ती!"

"नाव काय त्यांचं?"

तिने मुलाला फोन लावला. सगळं घर सासूला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचं. नवरा 'अगे' म्हणायचा. शेजारी शिंप्याची अव्वा म्हणायचे. पांडुरंगप्पा असता तर सांगितलं असतं. मुलाला ठाऊक नव्हतं. रेशनच्या जुन्या कार्डावर फक्त सासऱ्याचं नाव होतं.

"बन्नूरला माझी नणंद हाय," ती शेवटी म्हणाली. "नव्वदीची. चला, तंगी." मला धाकटी बहीण म्हणण्याची ती पहिली वेळ.

आम्ही बसने गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, मधे भाताची खाचरं. नणंद ओसरीवर उन्हात बसली होती, कानाने जवळजवळ बहिरी. तुळसक्काने तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "अव्वाचं नाव काय व्हतं?"

"अव्वाच की."

"तसं नव्हे. तिचं, तिचं नाव."

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून दाराकडे पाहिलं. मग ती लहान मुलीसारखी हसली. "तिचे वडील भेटायला आलेवते एकदा, मी ल्हान व्हते. दारातून हाक मारली त्यांनी. आमी पोरं बघत राहिलो, कोनाला बोलावतात म्हनून. अव्वा आतून पळत आली." तिने ओठ ओले केले आणि त्या हाकेच्याच सुरात म्हणाली, "यमुनाऽ!"

तुळसक्का ते नाव पहिल्यांदा ऐकत होती. त्या सासूच्या हाताखाली ती काजं करायला शिकली, तिचं शेवटचं दुखणं तिने काढलं. परतीच्या बसने आम्ही म्हैसूरला आलो. उतरताना म्हणाली, "मलाबी कधी विचारूचं सुचलं नाही, बघा. तुमाला एकटीला कशी बोलू?" आणि मग, "तुमचं हापीस किती वाजता उघडतं?"

"दहाला."

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला पोचले तर ती पायरीवर बसलेली. मी यंत्र चालू केलं, 'अज्ञात' पुसलं आणि नाव लिहिलं, आधी देवनागरीत. ते तिला वाचता येत नव्हतं. मग महादेवस्वामींनी खाली कन्नडात लिहिलं. तिने चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकली आणि एकेका अक्षरावर बोट टेकवत, पहिलीतल्या मुलीसारखं, मोठ्याने वाचलं:

"य. मु. ना."

मग माझ्याकडे वळली. "आता लागला अर्थ," ती म्हणाली.